बदलापूरच्या उन्हात पाच गिगाहर्ट्झ

गेमिंग पीसी बनवायचाय, प्रोसेसर ‘के’ घ्यायचा की ‘एक्स’, ओव्हरक्लॉकिंग करायचं की नाही, या प्रश्नांवर कॉलेजच्या कट्ट्यावर रोज भांडणं होतात. अंबरनाथ-बदलापूरकडच्या पोरांसाठी त्यात आणखी दोन प्रश्न असतात. एक मे महिन्याचा आणि दुसरा लाइटचा. स्वतः फसलेल्या एकाचा हा अनुभव आणि त्यातून जमलेला हिशेब.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. उल्हासनगर स्टेशनवर संध्याकाळच्या गर्दीत मी प्रोसेसरची डबी पाठपिशवीत आणि मदरबोर्डचा खोका छातीशी धरून उभा होतो. बदलापूर लोकल आली तेव्हा आत घुसायची हिंमत होईना. एकाचा कोपर लागला आणि बोर्ड वाकला तर? तीन गाड्या सोडल्या. चौथीत एका काकांनी, ‘काय रे, देव आहे का खोक्यात?’ असं विचारत रॅकवर जागा करून दिली. मी हसलो. खरं सांगायचं तर तेव्हा तो माझ्यासाठी देवच होता. तेरा महिने शेजारच्या क्लासमध्ये सातवी-आठवीच्या पोरांची गणितं घेऊन जमवलेले पैसे आणि वर बाबांच्या बोनसमधला वाटा, असं सगळं त्या खोक्यात होतं.

घेतलेला प्रोसेसर होता कोअर आय५-१२६००के. ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉक होणारा, एवढं मला व्हिडिओ बघून पाठ झालं होतं. उल्हासनगरच्या त्या गाळ्यातल्या अंकलनी मला नीट विचारलंही होतं, ‘बेटा, बोर्ड कौनसा डालना है?’ मी म्हटलं, ‘जो सस्ता हो वो.’ त्यांनी बी६६० चिपसेटचा बोर्ड दिला.

घरी आल्यावर पहिला धक्का बसला. प्रोसेसरच्या डबीत कूलरच नव्हता. ‘के’ मालिकेच्या डबीत इंटेल कूलर देतच नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी परत उल्हासनगर, परत खर्च. मग पीसी सुरू झाला, बायोस उघडलं आणि दुसरा धक्का. वेग वाढवायचा आकडा जिथे बदलायचा, तो पर्यायच चालेना. इंटेलमध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा तर ‘झेड’ मालिकेचा बोर्ड लागतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी जास्त पैसे मोजले होते, ती माझ्या बोर्डवर होणारच नव्हती.

तिसरा धक्का महिन्याभराने बसला. अंबरनाथच्या मित्राने माझ्याएवढ्याच बजेटमध्ये पीसी बनवला. त्याचा प्रोसेसर साधा आय५-१२४००एफ. कूलर डबीत आला तोच, आणि उरलेले सगळे पैसे त्याने ग्राफिक्स कार्डात घातले. त्याच्या घरी ‘सायबरपंक २०७७’ लावून बघितला, तर माझ्यापेक्षा बराच स्मूथ. परतीच्या गाडीत मी गप्प बसून होतो.

प्रोसेसर गेममध्ये करतो तरी काय?

नाक्यावरची चायनीजची गाडी डोळ्यांसमोर आणा. एक जण ऑर्डर घेतो, कोणाला काय हवं ते लक्षात ठेवतो, प्लेटा लावतो. दुसरा कढईवर असतो. गेममध्ये ऑर्डर घेणारा म्हणजे प्रोसेसर. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, गाडी कशी वळली, नेटवरून काय आलं, हे तो ठरवतो आणि ‘आता हे चित्र काढ’ अशी ऑर्डर देतो. कढईवरचा म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ते प्रत्यक्ष चित्र रंगवतं.

ऑर्डर घेणारा ढिला असेल तर कढई रिकामी तापत राहते. कढईवरचा ढिला असेल तर ऑर्डर घेणारा कितीही चपळ असो, गिऱ्हाईक ताटकळतंच. माझ्या पीसीत नेमकं हेच झालं होतं. ऑर्डर घ्यायला दोन हुशार माणसं ठेवली आणि कढई घेतली छोटी.

आता थोडं गणित. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर १६.७ मिलिसेकंदाला एक चित्र लागतं. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर दर ६.९ मिलिसेकंदाला. म्हणजे मॉनिटर वेगवान झाला की प्रोसेसरच्या हातातला वेळ निम्म्याहून कमी होतो. म्हणून ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ सारखे गेम कमी सेटिंगवर, १०८० पी रेझोल्यूशनला आणि १४४ हर्ट्झवर खेळणाऱ्यांना प्रोसेसर चांगला लागतो. उलट मोठमोठ्या कथेचे, देखणे गेम १४४० पी किंवा ४के वर खेळायचे असतील तर बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर येतो आणि मधल्या किमतीचा प्रोसेसर निवांत पुरतो. घरात ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर असेल तर महागड्या प्रोसेसरने काढलेली जास्तीची चित्रं तुम्हाला दिसणारच नाहीत.

आपला पीसी कुठे अडतोय, हे फुकटात कळतं. एमएसआय आफ्टरबर्नर टाका आणि खेळताना कोपऱ्यात आकडे लावा. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ ते १०० टक्के दिसतोय? मग अडसर कार्डाचा. तो सत्तर-ऐंशीवर रेंगाळतोय आणि तरीही एफपीएस कमी? मग बहुधा प्रोसेसर. खात्री करायला रेझोल्यूशन एकदम खाली आणा. एफपीएस उडी मारून वाढले तर कार्ड अडत होतं. जागच्या जागी राहिले तर प्रोसेसर. नवीन काही घेण्याआधी दहा मिनिटं ही चाचणी करा. माझे तेरा महिने वाचले असते.

नावापुढची अक्षरं वाचा

प्रोसेसरच्या नावातली शेवटची एक-दोन अक्षरं फार कामाची असतात.

इंटेलमध्ये ‘के’ म्हणजे मल्टिप्लायर खुला, ओव्हरक्लॉक करता येईल असा. ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. ‘केएफ’ म्हणजे दोन्ही. ‘एफ’ थोडा स्वस्त पडतो, पण एक लक्षात ठेवा. ग्राफिक्स कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं तर तोवर मॉनिटरवर अंधार. परीक्षेच्या किंवा प्रोजेक्टच्या दिवसांत हा अंधार महागात पडतो. घरात दुसरा लॅपटॉप असेल तर ‘एफ’ बिनधास्त घ्या. तोच एक पीसी अभ्यासालाही असेल तर दोनदा विचार करा.

एएमडीच्या रायझनमध्ये ‘एक्स’ म्हणजे थोडा जास्त वेगाचा. ‘जी’ म्हणजे आत बऱ्यापैकी ताकदीचं ग्राफिक्स. कार्डाला पैसे नाहीत आणि आत्ता फक्त हलके गेम खेळायचे आहेत, त्यांच्यासाठी ‘जी’ चांगला. पण त्याची दुसरी बाजूही बघा. रायझन ५ ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे, ५६००जी मध्ये १६ एमबी. पुढे कार्ड लावणार असाल तर ५६०० पुढे जातो. रायझन ७००० मालिकेपासून बहुतेक प्रोसेसरमध्ये निदान मॉनिटर चालेल एवढं ग्राफिक्स आलंय. ७५००एफ सारखे ‘एफ’ त्याला अपवाद.

आणि मग ‘एक्स३डी’. एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला. साध्या ५८००एक्स मध्ये ३२ एमबी एल३ कॅश होती, यात चिपवर आणखी एक थर बसवून ती ९६ एमबी केली. गंमत म्हणजे याचा वेग साध्या भावापेक्षा कमी, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. त्यावर मल्टिप्लायर बंद, म्हणजे नेहमीसारखं ओव्हरक्लॉकिंगही नाही. तरी बऱ्याच गेममध्ये तो भावाला मागे टाकतो. का? कॅश म्हणजे हाताशी असलेला ओटा आणि रॅम म्हणजे माळा. जी वस्तू सारखी लागते ती ओट्यावर मावली तर शिडी चढायला लागत नाही. कितीही जोरात शिडी चढलात तरी ओट्यावरची वस्तू लवकरच हाती येते. गिगाहर्ट्झच्या मागे धावणाऱ्यांनी हे उदाहरण वहीत लिहून ठेवावं. पुढे ७८००एक्स३डी आला, आणि नोव्हेंबर २०२४ मधल्या ९८००एक्स३डी मध्ये हा कॅशचा थर चिपच्या खाली नेला. त्यामुळे उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली आणि त्यात ओव्हरक्लॉकिंगही खुलं झालं. पण किंमत बघितली की आपण परत ५६०० कडे येतो, ते वेगळं.

बोर्ड चुकला की सगळं चुकलं

माझी चूक कोणी पुन्हा करू नये म्हणून हे सरळ सांगतो. इंटेलमध्ये ओव्हरक्लॉकिंग हवं तर प्रोसेसर ‘के’ आणि बोर्ड ‘झेड’, जसं झेड६९० किंवा झेड७९०. दोन्ही हवेत. बी६६० आणि बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. एच६१० वर तर रॅमचाही नाही.

एएमडी इथे जास्त उदार आहे. बी४५०, बी५५०, बी६५० या मधल्या किमतीच्या बोर्डांवरही ओव्हरक्लॉकिंग चालतं. ‘ए’ने सुरू होणाऱ्या ए५२० आणि ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. म्हणजे कमी पैशात हा छंद करून बघायचा असेल तर एएमडी सोयीचं.

सॉकेटही बघा. एएम४ सॉकेट २०१६ पासून चालत आलंय. पहिल्या रायझनच्या वेळी बी३५० बोर्ड घेतलेल्या कित्येकांनी बायोस अपडेट करून त्यावर ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवला. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. आज खर्च थोडा जास्त, पण तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायची सोय. इंटेलचं एलजीए १७०० मात्र बारावी ते चौदावी पिढी पाहून थांबलं. ऑक्टोबर २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ हे नवं सॉकेट लागतं.

पेन्सिलने वाढवलेला वेग

ओव्हरक्लॉकिंग एवढं गाजलं कसं, हे कळायला पंचवीस वर्षं मागे जायला हवं. १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. ३०० मेगाहर्ट्झचा. बोर्डवरचा बस स्पीड ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो ४५० वर धावायचा. म्हणजे दीडपट वेग, तोही फुकट. त्यानंतर एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉनची पाळी आली. त्यांच्यावर बारीक पूल लेझरने तोडून मल्टिप्लायर बंद केलेला असायचा. पोरांनी साधी शिसपेन्सिल घेऊन ते पूल जोडले. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, एवढं शाळेतलं विज्ञान पुरलं. २०११ मधला आय५-२५००के सुद्धा ३.३ गिगाहर्ट्झचा असून साध्या एअर कूलरवर ४.५ पर्यंत सहज जायचा.

तेव्हा हे का व्हायचं? कारण कंपन्या चिप तिच्या ताकदीच्या खूप खाली विकायच्या. मधली जागा रिकामी होती, ती आपण भरायचो. आता ती जागा कंपनी स्वतःच भरते. आजचा प्रोसेसर तापमान, वीज आणि भार बघून सेकंदात कितीतरी वेळा आपला वेग आपणच वर-खाली करतो. आय९-१४९००के तर डबीतून काढल्या काढल्या ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. रसवंतीच्या चरकातून तीनदा काढलेला ऊस आपण चौथ्यांदा घालायचा म्हटल्यासारखं आहे. रस निघतो, पण थेंबभर. आवाज मात्र भरपूर.

विक्रम करणारे आजही द्रवरूप हेलियम ओतून प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेतात. हेलियम उकळतं उणे २६९ अंशांवर. बदलापूरच्या मे महिन्याचं तापमान वेगळं सांगायला नको.

चाळीस अंश आणि एक रिपोर्ट

आमच्या मजल्यावरचा एक दादा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्याकडे रायझन ५ ५६०० आणि बी४५० बोर्ड. जानेवारीत, रात्री स्वेटर घालून बसायच्या दिवसांत, त्याने सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर लॉक केले आणि व्होल्टेज थोडं वाढवलं. कूलर डबीतलाच. अर्धा तास टेस्ट चालवली, सगळं हिरवं. आम्ही चहा पिऊन तो साजरा केला.

मे उजाडला. दुपारी घरातली भिंतसुद्धा गरम. कूलर एअर असो वा लिक्विड, तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही, फक्त उष्णता खोलीत सोडतो. खोली २२ अंशांवरून ३८ वर गेली की प्रोसेसरही साधारण तेवढाच, सोळा-एक अंश वर जातो. जानेवारीत ७५ वर असलेला मेमध्ये ९० च्या पुढे. प्रोजेक्ट रिपोर्ट जमा करायच्या आदल्या रात्री, गेम नाही, साधी फाइल सेव्ह होताना निळा स्क्रीन आला. फाइल गेली. रात्रभर आम्ही तिघांनी बसून ती परत टाइप केली. दादाची आई अडीच वाजता पोहे घेऊन आली आणि म्हणाली, ‘एवढा जोरात पळवायचा कशाला? कुठं जायचं होतं?’

आम्हाला उत्तर आलं नाही. कारण हिशेब केला तर ४.४ वरून ४.६ म्हणजे साडेचार टक्के. गेममध्ये १२० एफपीएस मिळत असतील तर फार तर १२५.

आणि किंमत किती? प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहेतीस टक्के जास्त वीज, आणि ती सगळी उष्णता बनून तुमच्याच खोलीत. पूर्ण पीसी १०० वॉट जास्त खाऊ लागला आणि तुम्ही रोज चार तास बसलात, तर महिन्याला १२ युनिट वाढतात. बिल बाबा भरतात, हे विसरू नका.

कंपन्यांचंही व्होल्टेजशी खेळताना चुकतं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरवर गेम आपोआप बंद पडू लागले होते. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने ते कायमचे झिजत होते. ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्तीचे मायक्रोकोड आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. या पिढीतला वरच्या श्रेणीचा प्रोसेसर कोणी सेकंड हँड देत असेल तर आधी विचारा, बायोस कधी अपडेट केलं होतं? अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही.

आणि लाइट. आमच्याकडे पावसाळ्यात तो येतो-जातो, हे काही नवीन नाही. गेम चालू असताना गेला तर मॅच हरता. बायोस अपडेट होताना गेला तर बोर्डच जाऊ शकतो. बरेच जण रंगीबेरंगी लाइटच्या पंख्यांवर खर्च करतात आणि पॉवर सप्लाय मात्र कुठलाही स्वस्तातला घेतात. उलटं करा. नावाजलेला पॉवर सप्लाय, छोटा यूपीएस आणि घरातलं अर्थिंग तपासून घेतलेलं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार सोडा, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मग करायचं काय?

पहिलं, रॅम. पुष्कळ जणांच्या पीसीत ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चाललेली असते, कारण बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलेलं नसतं. एएमडीच्या नव्या बोर्डांवर त्याला एक्स्पो म्हणतात. हे एक बटण बऱ्याच गेममध्ये ओव्हरक्लॉकिंगपेक्षा जास्त देऊन जातं. आणि रॅमची एकच १६ जीबीची पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला माल दोन रस्त्यांनी मिळतो.

दुसरं, अंडरव्होल्टिंग. ओव्हरक्लॉकिंगचा हा शहाणा भाऊ. वेग तोच ठेवून व्होल्टेज जरा कमी करायचं. प्रोसेसर थंड राहतो, आणि थंड राहिला की स्वतःहून जास्त वेळ वरच्या वेगावर टिकतो. रायझन ५००० पासून पुढे यासाठी बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर असतो. त्यात उणे दहापासून सुरुवात करा. रायझन ७००० घेतला असेल तर इको मोडही बघा. ही मालिका ९५ अंशांपर्यंत आरामात जाते, ते तिच्या रचनेतच आहे. पण बदलापूरच्या दुपारी तिला थोडं आवरलेलं बरं.

तिसरं, हवा. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. दर दोन-तीन महिन्यांनी जाळीतली धूळ काढा. एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांनी त्याहून लवकर.

एवढं करूनही ओव्हरक्लॉकिंगची खुमखुमी असेल तर जरूर करा. शिकायला याच्यासारखी गोष्ट नाही. मशीन आतून कसं चालतं, हे मला कॉलेजच्या पुस्तकापेक्षा बायोसमध्ये जास्त कळलं. फक्त शिस्तीत करा. आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप. मग मूळ अवस्थेतलं तापमान आणि एफपीएस वहीत लिहा. एका वेळी १०० मेगाहर्ट्झ वाढवा, व्होल्टेजला हात सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला ओसीसीटी किंवा सिनेबेंच चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघत राहा. पीसी सुरूच झाला नाही तर घाबरू नका. बोर्डवरचं सीमॉस क्लिअर केलं की तो मूळ पदावर येतो, ते कसं करायचं हे आधीच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. ओव्हरक्लॉकिंगमुळे प्रोसेसर गेला तर वॉरंटी मिळेल असं धरून चालू नका. आणि शेवटची परीक्षा मे महिन्यात, दुपारी दोन वाजता द्या. त्यात पास झालं तरच ते स्थिर.

कुठून घ्यायचा?

मुंबईत ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड हे पीसीवाल्यांचं पंढरपूर. तिथे पर्याय भरपूर मिळतात. पण बदलापूरहून जाऊन-येऊन आख्खा दिवस जातो. एखादा भाग बिघडला की पुन्हा दिवस. आपल्याकडे उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांच्या लष्करी छावणीचं १९४९ मध्ये शहर झालं आणि रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांनी कॅम्पाकॅम्पांत बाजार उभे केले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण माझा अनुभव असा की तोंडओळख झालेला दुकानदार ऑनलाइन दरापेक्षा थोडे जास्त घेत असला तरी बोर्ड परत न्यायची वेळ आली की तोच उपयोगी पडतो. फक्त दोन्हीकडे एकच नियम पाळा. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर प्रोसेसरचा सिरीयल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय दोन हजार वाचले तर ते वाचलेले नसतात, उधार असतात.

सेकंड हँड घेताना एएम४ प्रोसेसर उलटा करून बघा. पिना त्या प्रोसेसरलाच असतात, एखादी वाकलेली तर नाही ना? इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये पिना बोर्डवर असतात, म्हणून तिथे बोर्डचं सॉकेट बघा. आणि एएम४ चा कूलर काढताना आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, मग कूलर हलकेच फिरवून काढा. सरळ ओढलात तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटसकट उपसल्यासारखा बाहेर येतो. हे मी पाहिलंय. तो आवाज ऐकवत नाही.

दुकानात जाण्याआधी

- आधी मॉनिटर आणि गेम ठरवा, मग कार्ड, मग प्रोसेसर.
- फक्त गेमिंगचा पीसी असेल तर सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला.
- सहा कोअर, बारा थ्रेड. कमी बजेटमध्ये आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६००, थोडं जास्त असेल तर एएम५ वरचा रायझन ५ ७६००.
- १४४ हर्ट्झवर स्पर्धेसाठी खेळता आणि पैसे आहेत, तर एक्स३डी.
- ओव्हरक्लॉकिंग शिकायचंय, तर इंटेलमध्ये ‘के’ आणि ‘झेड’ दोन्ही, एएमडीमध्ये किमान ‘बी’ बोर्ड.
- डबीत कूलर आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.
- पॉवर सप्लाय आणि यूपीएसचे पैसे बाजूला काढल्याशिवाय बाकी काहीही घेऊ नका.

माझा १२६००के अजून त्याच बी६६० वर आहे. विकावा असं मनात आलं होतं, पण तोटा खूप होत होता. मग त्याची पॉवर लिमिट १५० वॉटवरून ९५ वर आणली. गेममध्ये फरक डोळ्यांना दिसला नाही, पंख्याचा आवाज मात्र निम्मा झाला. आता रात्री खेळताना आई आतून ओरडत नाही. गेल्या महिन्यात क्लासमधला एक मुलगा विचारत आला, ‘सर, के घेऊ का?’ त्याला म्हटलं, आधी सांग, मॉनिटर कुठला आहे? ६० हर्ट्झचा निघाला. रविवारी आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो. अंकलनी त्यालाही तोच प्रश्न विचारला, ‘बेटा, बोर्ड कौनसा?’ त्याने खिशातला कागद काढून वाचून दाखवला. परत येताना खोका रॅकवर ठेवला आणि आम्ही पहिल्याच लोकलने आलो.